चावी फिरवली, पण इंजिन अजून तापलेलंच

जर्मनीत न्यूरबुर्गरिंग नावाचा एक जुना शर्यतमार्ग आहे. १९२७ साली तो सुरू झाला. डोंगरझाडीतून वळणं घेत जाणारा त्याचा उत्तरेकडचा भाग सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा आहे आणि ठरावीक दिवशी पैसे भरून कुणालाही आपली गाडी तिथे चालवता येते. फेरी संपवून गाड्या पार्किंगमध्ये येतात, इंजिनं बंद होतात आणि मग एक वेगळीच मैफल सुरू होते. टक्... टक्... टिक्. पाठोपाठ कुठेतरी पंखा घरघरू लागतो. नळ्यांमधून खळखळ ऐकू येते. गाडीत कुणी नाही, चावी मालकाच्या खिशात, आणि गाडी मात्र आपली बोलतेच आहे!

नव्याने स्पोर्ट्‌स कार घेतलेला माणूस हे ऐकून हमखास घाबरतो. काही मोडलं तर नाही ना, अशी शंका त्याला येते. बहुतेक वेळा काहीही मोडलेलं नसतं. पण या आवाजांतला एखादा खरोखरच धोक्याचा असू शकतो. म्हणून हे आवाज येतात कुठून, ते समजून घेऊ.

पोळी करताना आपण गॅस बंद करतो, पण तव्यावर राहिलेली पोळी त्यानंतरही करपते. इंजिनाचं तसंच आहे. चावी फिरवली की नवी उष्णता तयार होणं थांबतं. आधी साठलेली उष्णता कुठेही जात नाही. ती थोडीथोडकी नसते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी पळवण्याच्या कामी येतो. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन धुराबरोबर, कूलंटमधून आणि इंजिनाच्या अंगावाटे बाहेर पडते. जोरात चालवलेल्या टर्बो गाडीत सिलिंडरमधून बाहेर पडणारा धूर ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला असतो.

आता ती टकटक पाहू. ती बहुधा एक्झॉस्टच्या नळ्यांतून येते. धातू तापला की प्रसरण पावतो आणि निवला की आकसतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. एक्झॉस्टसाठी वापरतात त्या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलची एक मीटर लांबीची नळी ५०० अंशांनी थंड झाली, तर जवळजवळ साडेआठ मिलिमीटरने आखूड होते. पण ही नळी मोकळी नसते. ती जागोजागी बोल्टने, पट्ट्यांनी आवळलेली असते आणि तिच्याभोवती उष्णता अडवणारे पातळ पत्रे असतात. जाड भाग सावकाश निवतो, पातळ पत्रा चटकन निवतो. या ओढाताणीत ताण साठत जातो, मग एखादा जोड केसभर सरकतो आणि ‘टक्’ वाजतं. उन्हाळ्यात संध्याकाळी घरावरचे पत्रे कडकड वाजतात, त्यामागचं कारणही हेच. गाडी निवत जाते तशी ही टकटक विरळ होते आणि थांबते. ती तशी थांबली, की सगळं ठीक आहे असं समजावं.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं त्याचे काही भाग थंड होण्याऐवजी अधिकच तापतात. याचं कारण असं, की इंजिन चालू असताना पंप कूलंट फिरवत असतो आणि समोरून येणारा वारा रेडिएटरमधली उष्णता वाहून नेत असतो. गाडी थांबली की वारा थांबतो आणि इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंपही थांबतो. पण सिलिंडरच्या भोवतालचा तापलेला धातू आपली उष्णता जवळच्या, आता स्थिर झालेल्या कूलंटला देतच राहतो. स्पोर्ट्‌स कारमध्ये हे अधिक जाणवतं. इंजिन ताकदवान आणि जागा मात्र अपुरी.

पोर्शे ९११चं उदाहरण घेऊ. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं असतं. १९९८ सालापर्यंत हे इंजिन हवेने थंड होत असे. त्याचा मोठा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा, म्हणजे इंजिन थांबलं की पंखाही थांबला. नंतर ९११ला पाण्याने थंड होणारं इंजिन आलं. रेडिएटर पुढे, इंजिन मागे आणि दोघांना जोडणाऱ्या लांबच लांब नळ्या. अशा गाड्यांमध्ये विजेचे पंखे असतात. चावी काढल्यावरही तापमान ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर ते आपोआप सुरू होतात. म्हणून एक पथ्य पाळावं. इंजिन बंद आहे असं पाहून तापलेल्या गाडीच्या पंख्याजवळ हात घालू नये. तो पंखा तुम्हाला विचारून सुरू होत नाही.

खळखळ होते ती कूलंटची. तापलेल्या भागाजवळचं कूलंट हलकं होऊन वर चढतं, काही ठिकाणी त्यात बुडबुडे येतात आणि ते टाकीकडे सरकतात. कूलंट बंद जागेत दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, प्रेशर कुकरसारखं. पण अशा वेळी टाकीचं झाकण उघडलं, की दाब एकदम उतरतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर उडतं. आवाज येतोय म्हणून झाकण उघडून पाहण्याची इच्छा होते, आणि घात होतो तो नेमका तिथेच. गाडी पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये.

टर्बोची कथा थोडी निराळी. टर्बोचं चाक तापलेल्या धुराच्या झोतावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतं आणि त्याचं बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगतं. जोरात पळवलेली गाडी एकदम बंद केली, तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि तिथे अडकलेलं तेल करपून कोळशासारखं चिकटून बसतं. असं वारंवार झालं की बेअरिंगचं आयुष्य घटतं. आता बऱ्याच टर्बोंना पाण्याचं आवरण असतं आणि काही गाड्यांत विजेचा छोटा पंप इंजिन थांबल्यावरही पाणी फिरवत राहतो. त्याची बारीक गुणगुण ऐकू येते. तरीही जाणकार चालक शर्यतमार्गावरची शेवटची फेरी सावकाश मारतात. ब्रेकही लालबुंद तापलेले असतात, म्हणून थांबल्यावर ते ब्रेकवर पाय दाबून ठेवत नाहीत. सपाट जागी हँडब्रेकही न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवतात. रोजच्या शहरातल्या चालवण्यात एवढं करावं लागत नाही. घाट चढून आलात किंवा हायवेवर दामटलीत, तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सबुरीने घ्यावेत, एवढं पुरे.

आणि गाडी उभी करताना खाली बघावं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येकशे अंश तापलेला असतो. उंच वाळलेलं गवत त्याला टेकलं, तर पेट घेऊ शकतं. सावलीसाठी म्हणून माळावर गाडी घालणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

मग काळजी कधी करायची? पंखा दहा-पंधरा मिनिटांनीही थांबत नसेल, तर बॅटरी उतरण्याआधी गाडी दाखवून घ्यावी. खळखळ दर वेळी होत असेल आणि टाकीतली पातळीही घटत असेल, तर कूलंट कुठेतरी गळतंय किंवा आत हवा शिरली आहे. गोडसर वास आला तर तो बहुधा कूलंटचा. पेट्रोलचा वास आला, तर मात्र चावीला हातही न लावता गाडीपासून दूर व्हावं आणि मेकॅनिकला बोलवावं.

काही गाड्या तर रात्री, सगळं निवल्यावर, काही तासांनी पुन्हा गुणगुणतात. पेट्रोलच्या टाकीतून वाफ गळत नाही ना, हे गाडीचा संगणक एका छोट्या पंपाने तपासत असतो. तेव्हा दचकू नये. गाडी बंद केल्यावर लगेच निघून न जाता दोन मिनिटं तिच्याजवळ उभं राहावं. रोजचे आवाज कानात बसले, की नवा आवाज आपोआप ओळखू येतो आणि वेळीच ओळखला, तर मोठा खर्च वाचतो.