गारगोटीचे पाते

अश्मयुगाचा धडा शिकवताना फळ्यावर 'फ्लिंट' हा शब्द येतो आणि एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, तो दगड आपल्याकडे कुठे मिळेल?" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तो मिळणार नाही. फ्लिंट तयार होतो समुद्रतळावर साचलेल्या खडूच्या थरांत. आपल्या पायाखाली आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ, बेसॉल्ट.

मग महाराष्ट्रातल्या माणसाने काय वापरले? लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे झिरपत्या पाण्यातील सिलिका त्या पोकळ्यांत साचून कॅल्सेडोनी आणि अकीक तयार झाले. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो. कातळातला प्रत्येक पांढरा खडा मात्र गारगोटी नव्हे. गारगोटीने काचेवर चरा उमटतो, कॅल्साइटने उमटत नाही.

फ्लिंट आणि कॅल्सेडोनी ही सख्खी भावंडे. दोन्हींचे कण इतके बारीक, की दगड ठरावीक पातळीत दुभंगत नाही. आघाताचा जोर शंकूसारखा पसरतो आणि शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठाचा छिलका निघतो. आघाताच्या जागेखाली फुगवटा आणि पुढे लहरी दिसतात. फुटक्या बाटलीच्या जाड बुडावरही अशा लहरी पाहता येतील.

पण लांब, समांतर धारांचे पाते नुसते ठोकून निघत नाही. नेवासे व इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, त्यावर नामी युक्ती वापरली होती. गोटीच्या एका कडेवर आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी बारीक छिलके काढायचे. त्यातून नागमोडी कणा तयार होतो. त्याच्या टोकावर आघात केला, की जोर कण्याच्या वाटेने धावतो आणि अख्खा कणा पाते होऊन सुटतो. मागे गाभ्यावर दोन सरळ कंगोरे उरतात; पुढच्या पात्यांना तेच वाट दाखवतात. कारागिरी हातात आहे तितकीच नियोजनात आहे, असे मला वाटते.

गोटीच लहान, म्हणून पातेही लहान. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवली, की विळा होई. एखादे मोडले तर तेवढेच बदलायचे. त्याहून कितीतरी आधी, मोठी हातकुऱ्हाड हवी असे तेव्हा, नेवाशाजवळ चिरकी येथे माणसाने गारगोटी सोडून बेसॉल्टसारखा काळा दगडच घडवला होता.

विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठी जाल तेव्हा फुगवटा असलेली कपची दिसली, तर उचलू नका. आधी जागेची नोंद करा, आजूबाजूला आणखी कपच्या आणि गाभे आहेत का ते पाहा. खडी फोडतानाही एखाददुसरी तशी कपची उडते.