मत्स्यटाकीतील परतीचा पंप व त्याची नळजोडणी

कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या आसमंतात आज कारखान्यांची दाटी झाली आहे. ज्या कुटुंबांची जमीन थोडी उरली, त्यांस पडवीतल्या टाक्यांतून शोभेचे मासे वाढविण्याचा जोडधंदा करता येण्यासारखा आहे. पिंपरी-चिंचवडचे गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही शोभेच्या माशांच्या संगोपनाचा समावेश करण्यात आला. मात्र या धंद्यात नफा-तोट्याचा निकाल पुष्कळदा पाण्याच्या फिरण्यावर लागतो. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांस तो साडेसातवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात पाणी अधिक खेळते हवे.

वरच्या टाकीतील पाणी सांडव्यावाटे खालच्या गाळणटाकीत उतरते व तेथून पंप ते पुन्हा वर चढवितो. पंपाच्या खोक्यावरील ताशी लिटरांचा आकडा मात्र पाणी मुळीच उंच चढवावयाचे नसतानाचा असतो. उंची व नळातील घर्षण यांमुळे प्रत्यक्षात पाणी बरेच कमी मिळते. उंची टाळता येत नाही, घर्षण टाळता येते. ताशी २,००० लिटर पाणी २० मिलिमीटर आतील व्यासाच्या नळातून नेल्यास जेवढा दाब वाया जातो, त्याच्या साधारण दहावा हिस्साच ३२ मिलिमीटरच्या नळात जातो. दुकानदार पंपाच्या तोंडाला बसेल अशी बारीक नळी देतो. ते माप तोंडाचे, नळाचे नव्हे! पंपानंतर लगेच जोड देऊन नळ रुंद करावा. काटकोनी जोड कमीत कमी ठेवावेत. प्रवाह कमी करावयाची झडप पंपाच्या पुढे बसवावी, ओढीच्या बाजूस कधीही नाही.

खरा धोका वीज जाते तेव्हा असतो. परतीच्या नळाचे तोंड पाण्यात बुडालेले असल्यास पंप थांबताच सायफन सुरू होऊन पाणी त्याच नळाने उलटे उतरू लागते. टाकी १२० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद असेल आणि तोंड १० सेंटिमीटर बुडाले असेल, तर ७२ लिटर पाणी खाली येते. गाळणटाकीत तेवढी जागा नसल्यास ते जमिनीवर वाहून जाते. वीज परतल्यावर पंपास पाणी अपुरे पडते व तो कोरडा फिरून जळतो. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. नळाचे तोंड पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली ठेवावे आणि पातळीच्या किंचित खाली नळास एक भोक पाडावे. पाणी थोडे उतरताच त्यातून हवा शिरते व सायफन तुटतो. शेवाळाने हे भोक बुजते. आठवड्यातून एकदा काडीने मोकळे करावे. उलट प्रवाह अडविणाऱ्या झडपेवर एकटीवर विसंबू नये, कारण तिच्यातही चिकटा साचून ती अर्धवट उघडी राहते.

टाकीत हात घालण्यापूर्वी पंपाची वीज तोडावी. मासे सोडण्याआधी पंप चालू करून मुद्दाम बंद करावा, पाणी उतरण्याचे थांबेपर्यंत पाहत राहावे आणि गाळणटाकी काठोकाठ न भरेल इतकेच पाणी व्यवस्थेत ठेवावे. पंप पुन्हा सुरू झाल्यावर गाळणटाकीत पाणी जेथे स्थिरावते, तेथे रंगाने खूण करून ठेवावी. भर घालताना पाणी त्या खुणेच्या वर जाऊ देऊ नये.