पांढऱ्या कापसातला पांढरा धागा कॅमेऱ्याला दिसतो कसा?

महागाव तालुक्यात कापूस वेचणीला आला की घराघरांतल्या रिकाम्या खताच्या गोण्या बाहेर निघतात. या गोण्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या असतात. उन्हाने त्या विरतात आणि त्यांचे बारीक धागे कापसात मिसळतात.

जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, पण हा धागा रुईसोबत गाठीत दबून सूतगिरणीत पोहोचतो. कापड रंगवलं की कापूस रंग धरतो, प्लास्टिक धरत नाही. मग कापडावर नको तिथे पांढरी रेघ उमटते. अशा तक्रारी वाढल्या की त्या भागातल्या कापसाचं नाव खराब होतं.

म्हणून सूतगिरण्यांमध्ये तपासणी यंत्रं बसवतात. कॅमेरा वाहत्या कापसावर नजर ठेवतो, संगणक निर्णय घेतो आणि हवेचा झोत तेवढा कापूस बाजूला उडवतो. मग महागडा कॅमेरा घेतला की झालं? नाही.

आधी प्रकाश ठरवा

लाल चिंधी किंवा काळा केस साध्या उजेडातही दिसतो. पांढऱ्यावर पांढरा धागा दिसत नाही, कॅमेरा कितीही भारी असला तरी. काही प्लास्टिक अतिनील प्रकाशात चमकतं, पण सगळं नाही. न चमकणाऱ्यासाठी ध्रुवीकृत प्रकाश वापरतात. प्लास्टिकमधून जाताना हा प्रकाश बदलतो आणि धागा उठून दिसतो. त्यामुळे अनेक यंत्रांत दोन-तीन प्रकारचे दिवे एकत्र असतात.

मग कॅमेऱ्याचं गणित

वाहत्या मालासाठी बहुतेकदा लाइन-स्कॅन कॅमेरा घेतात. झेरॉक्स मशीनसारखा तो एकेक ओळ वाचत जातो.

समजा, पट्टा 1 मीटर रुंद आहे आणि 1 मिलिमीटर जाडीचा धागा पकडायचा आहे. धाग्याच्या जाडीत निदान 3-4 पिक्सेल बसायला हवेत. म्हणजे एका ओळीत साधारण 4,000 पिक्सेल लागतील. कापूस सेकंदाला 2 मीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्याच बारकाईसाठी सेकंदाला 8,000 ओळी टिपाव्या लागतील.

याचा अर्थ एका ओळीला सेकंदाचा आठ हजारावा भागही पूर्ण मिळत नाही. इतक्या कमी वेळात चित्र उजळ यायचं तर दिवे प्रखर हवेत. गणित पुन्हा प्रकाशावरच येतं.

लेन्सकडे दुर्लक्ष नको

कापसाचे पुंजके काही उंच, काही सखल असतात. सगळे स्पष्ट दिसावेत म्हणून लेन्सचं तोंड लहान ठेवावं लागतं. तोंड लहान केलं की उजेड कमी आत येतो. शिवाय स्वस्त लेन्समध्ये पट्ट्याच्या कडा धूसर दिसू शकतात आणि धागा तिथूनच निसटतो.

दिसला, पण उडवला का?

कॅमेऱ्यापासून झोताची नळी 40 सेंटिमीटरवर असेल, तर याच वेगाने धागा तिथे 0.2 सेकंदात पोहोचतो. संगणकाचा निर्णय त्याआधी झालाच पाहिजे. पट्ट्याचा वेग कमी-जास्त झाला तर झोत चुकतो. म्हणून वेग मोजणारा एन्कोडर लागतो.

धूळ, ऊन आणि वीज

रुईची धूळ काचेवर बसली की यंत्र आंधळं होतं. त्यासाठी धूळरोधक पेटी आणि काच साफ ठेवणारी हवेची सोय हवी. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, बंद पेटीत त्याहून जास्त. त्यामुळे प्रत्येक भाग किती तापमान सोसतो, हे आधी तपासा. विजेच्या चढउतारासाठी यूपीएस घ्या.

घेण्याआधी परीक्षा

विक्रेत्याच्या नमुन्यावर विसंबू नका. आपलाच कापूस द्या, त्यात मोजून 100 धागे टाका. किती पकडले हे पाहा, आणि सोबत चांगली रुई किती उडाली तेही तोला. यंत्र फार संवेदनशील केलं तर कचऱ्यासोबत पैसाही उडतो.

आणि एक गोष्ट कोणत्याही कॅमेऱ्याआधीची. वेचणीला खताच्या गोणीऐवजी सुती कापडाची झोळी वापरली, तर निदान गोणीचा धागा कापसात जाणारच नाही. पण ती झोळी विकत घ्यायची मजुराने, शेतकऱ्याने की गिरणीने? स्वच्छ कापसाला वेगळा भाव मिळाला, तरच हा प्रश्न शेतातच सुटेल.