कणा दुखावल्यावर कोणाकडे जावे?

वैशाख संपत आला की आपल्या लांजीच्या परिसरात दोन कामांची घाई उडते. एकीकडे पाडाला आलेले आंबे उतरवावयाचे असतात, तर दुसरीकडे मृगाच्या पहिल्या सरीपूर्वी घरावरची कवेलू नीट रचून घ्यावयाची असतात. दोन्ही कामे उंचावर चढल्यावाचून होत नाहीत. आणि दर वर्षी कोठे ना कोठे एखादी फांदी कडाडते, एखादा वासा खचतो. पडलेल्या माणसाचा हात किंवा पाय मोडला तर घरचे लोक हळहळतात, परंतु गांगरत नाहीत. हाड बसविणारा कोठे गाठावा हे सर्वांस ठाऊक असते. पण पडलेला मनुष्य जर म्हणू लागला, ‘माझे पाय मला माझे वाटतच नाहीत,’ तर भल्याभल्यांचे धैर्य खचते. अशा वेळी कोणाकडे जावे, हे गावात विचारून कळत नाही.

मी कला शाखेची पदवीधर. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तरीही या प्रश्नाने दोन वेळा माझा उंबरठा ओलांडला आहे. माझे माहेर गोव्यातील पेडणे भागातले, घरची बोली कोंकणी. माझा मामा ‘पाडेली’ होता, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. मी शाळकरी असताना तो माडावरून खाली आला आणि कमरेखाली लुळा पडला. त्याला रुग्णालयात नेले, तेथून काही दिवसांनी घरी पाठविले. ‘आता सेवा करा’ एवढाच काय तो उपदेश मिळाला. आजीने सेवेत काही कसूर केली नाही. परंतु सेवा करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मामा आठ महिन्यांनी गेला. कण्याच्या दुखापतीने नव्हे, तर पाठीस पडलेल्या जखमा चिघळून. लग्नानंतर मी इकडे आले आणि चार वर्षांपूर्वी आमच्याच एका विद्यार्थ्यावर आंब्याच्या झाडावरून पडून तोच प्रसंग ओढवला. त्याची आई शाळेत येऊन मला म्हणाली, ‘बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा आता कुठं नेऊ याला?’ मला उत्तर देता आले नाही. पुढे त्या उत्तराच्या शोधात जे कळले, ते येथे मांडते.

प्रथम शरीराकडे पाहू. आपल्या पाठीच्या कण्यात तेहतीस मणके असतात. पैकी खालचे नऊ एकमेकांस जुळून गेलेले असतात. मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून निघालेली मज्जारज्जू खाली उतरते. मोठ्या माणसात ती सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड असते. मेंदूच्या आज्ञा याच वाटेने पायांस पोहोचतात आणि पायांचे निरोप याच वाटेने वर जातात. मणका मोडला तर हाड कालांतराने सांधते. मज्जारज्जू तुटली वा चेंगरली तर ती हाडासारखी सांधत नाही. म्हणूनच पडलेल्या माणसास बखोटीला धरून उठविणे किंवा बैलगाडीत मुटकुळे करून घालणे घातक आहे. त्यास मान व पाठ सरळ राहील अशा रीतीने, चारपाच जणांनी एकदम उचलून, फळीवर अगर घराच्या दारावर निजवून न्यावे.

दुखापतीच्या जागेखालील संवेदना जाते, हे सर्वांस दिसते. तिच्याबरोबर काय काय जाते, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. निरोगी मनुष्य झोपेतही कूस बदलतो, कारण दबलेली कातडी दुखते. ज्याची कातडी दुखतच नाही तो एका अंगावर पडून राहतो आणि काही तासांत तेथील मांस मरू लागते. लघवी तुंबली तरी कळत नाही. ती मागे सरून मूत्रपिंडे बिघडवते. थंडीत शेकोटीशी बसविले तर पाय भाजून निघतो आणि घरच्यांस ते वासावरून समजते. माणूस दगावतो तो बहुधा या गोष्टींनी. माझ्या मामाचेही असेच झाले.

या सत्याचा ज्याने प्रथम नेटाने पाठपुरावा केला, त्या डॉक्टरचे नाव लुडविग गुटमान. जर्मनीतील हा ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ साली इंग्लंडला गेला. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी वेगळा विभाग त्याच्या स्वाधीन करण्यात आला. तोपर्यंत असे सैनिक फार काळ जगत नाहीत अशीच समजूत होती. गुटमानने कोणतीही जादू केली नाही. दर दोन तासांनी, रात्र असो वा दिवस, प्रत्येक रुग्णाची कूस बदलावयाची. मूत्राशय स्वच्छतेने रिकामे करावयाचे. आणि अंगात बळ येताच त्यास कामास लावावयाचे, हा त्याचा नेम. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनला ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशी, त्याच्या रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिंपिक सामन्यांचा उगम तो. पुढे १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविणारे मुरलीकांत पेटकर हे आपल्या सांगली जिल्ह्याचे सुपुत्र. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जखमी झाले होते. त्यांच्यावरचा चित्रपट २०२४ साली आला, तो तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल.

ही विद्या आपल्या देशातही आली. मुंबईस हाजी अली येथे १९५५ साली शारीरिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तर या विभागाच्या पहिल्या प्रमुख डॉ. मेरी व्हर्गीस स्वतःच १९५४ च्या मोटार अपघातात अधरांगवाताने खुर्चीस खिळलेल्या होत्या. खुर्चीत बसूनच त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९६६ साली तेथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून जखमी सैनिकांसाठी केंद्र आहे. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरची स्थापना मेजर अहलुवालिया यांनी केली. १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टचे शिखर गाठलेला हा वीर त्याच वर्षीच्या युद्धात कण्यास गोळी लागून जायबंदी झाला होता.

परंतु लांजीच्या माणसास वेल्लोर किंवा दिल्ली म्हणजे दूरचा डोंगर. आपली नेहमीची वाट आमगाव-गोंदियाहून नागपूरची. नागपूर आणि भोपाळ या दोन्ही ठिकाणच्या एम्स रुग्णालयांत ‘फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. पाटीवरचे हे लांबलचक नाव पाठ करून ठेवा, कारण चूक होते ती येथेच. आपण अस्थितज्ज्ञाकडे जातो, तो मणका पट्ट्या-स्क्रूंनी बसवितो, टाके काढतो आणि त्याचे काम संपते. त्याने ते उत्तम केलेले असते. आपण मात्र उपचारच संपले असे समजून घरी परततो. वास्तविक पुनर्वसन तेव्हा कोठे सुरू व्हावयाचे असते. म्हणून घरी पाठविणाऱ्या डॉक्टरांस एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘यापुढे आम्ही कोणाच्या हाताखाली राहावयाचे?’ आणि ते नाव कागदावर लिहून घ्यावे.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची गोष्ट. आयुष्मान कार्ड योजनेत सामील असलेल्या परराज्यातील रुग्णालयातही चालते. महाराष्ट्र शासनाच्या स्वतःच्या योजना मात्र तेथील रहिवाशांसाठी असतात. अपंगत्वाचा दाखला व त्यावरील ओळखपत्र यांसाठी आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे बालाघाटला, अर्ज करावा. पुढची सारी साधने त्या एका कागदावर अडतात, तेव्हा त्यात दिरंगाई नको.

डॉक्टर या कामातला जाणता आहे की नाही, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? पदव्यांच्या अक्षरांवरून ते कळत नाही. मी शिकले ते असे, की प्रश्न विचारावेत आणि उत्तराकडे लक्ष द्यावे. तुमच्याकडे असे किती रुग्ण येतात? लघवीची व्यवस्था काय कराल? जाणता डॉक्टर कायमची नळी लावून मोकळा होत नाही. दर चार ते सहा तासांनी रुग्णाने स्वतः स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करण्याची रीत त्यास जमेल काय, याचा तो विचार करतो आणि ती शिकवितो. आणखी एक कसोटी सांगते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर दुखापत असेल तर कधी अचानक डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होऊन घाम सुटतो, रक्तदाब भराभर चढतो. आणि कारण असते बहुधा तुंबलेली लघवी अगर कोठा. अशा वेळी रुग्णास उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, नळी मुडपली आहे काय ते पाहावे. उतार न पडल्यास तत्काळ दवाखाना गाठावा, कारण ही प्राणावर बेतणारी अवस्था आहे. याविषयी विचारल्यावर जो डॉक्टर खुर्ची पुढे ओढून समजावू लागतो, त्याचा हात धरावा. जो नुसता ‘ताकदीची औषधे’ लिहून देतो, त्यास नमस्कार करावा.

जे हमी देतात त्यांच्यापासून तर चार हात लांबच राहावे. मूळपेशींची सुई टोचून पाय चालते करून देतो, असे सांगून लाखो रुपये उकळणारे आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या व तत्सम काही ठरावीक रोगांखेरीज असे उपचार केवळ रीतसर संशोधनाच्या चौकटीतच व्हावेत असे स्पष्ट म्हटले आहे. आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घ्यावयाचे नसतात. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी अशाच एका आश्वासनापायी शेताचा तुकडा विकावयास काढला होता. व्यवहार मोडला, हे दैवच म्हणावयाचे.

तथापि सर्वांत मोलाचे ज्ञान मला डॉक्टरांकडे नव्हे, तर दुसऱ्याच ठिकाणी सापडले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र. ऐन कुमारवयात त्यांचे कमरेखालील शरीर लुळे पडले. निराशेच्या त्या काळात त्यांची गाठ बाबूकाका दिवाण यांच्याशी पडली. तेही अधरांगवाताचे, आणि तरीही आपली मोटार आपण हाकणारे! जे धीराचे शब्द धडधाकट माणसांच्या तोंडून पोकळ वाटत होते, ते त्यांच्या नुसत्या येण्याने खरे झाले. पुढे १९८४ साली नसीमाताईंनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. मुंबईतही अशा रुग्णांसाठी २००१ पासून नीना फाउंडेशन काम करीत आहे. त्याच्या संस्थापक केतना मेहता यांस स्वतःस ही दुखापत झालेली आहे. तात्पर्य, जाणत्या डॉक्टरचा पत्ता हवा असेल तर दहा वर्षे खुर्चीत बसून सुखाने जगणारा मनुष्य शोधावा. तो डॉक्टर सांगेल, नळ्या कोठे स्वस्त मिळतात ते सांगेल आणि कोणत्या दुकानदाराकडे फिरकू नये तेही सांगेल. आम्हांस नागपुरात असे एक गृहस्थ भेटले. त्यांनी फोनवर पहिल्या दहा मिनिटांत जे सांगितले, ते आम्हांस तीन महिने वणवण करून कळले नव्हते.

आता साधनांविषयी. चाकांची खुर्ची म्हणजे खाटेसारखी कोणासही चालणारी वस्तू, असा आपला समज असतो. वास्तविक ती जोड्यासारखी मापाची हवी. आमच्या मुलास एका शिबिरात खुर्ची मिळाली तेव्हा फोटो निघाले, हार घातले गेले. पण ती त्याच्यापेक्षा वीतभर रुंद होती. तो एका बाजूस कलून बसू लागला आणि महिन्याभरात त्या बाजूच्या बैठकीच्या हाडावर जखम झाली. बैठक ढुंगणाच्या रुंदीहून दोनअडीच सेंटिमीटरच अधिक असावी. गुडघ्याची लवण व बैठकीची कड यांत दोनतीन बोटे अंतर राहावे. पाय ठेवण्याची पट्टी अशी की मांडी बैठकीस पूर्ण टेकावी. हात टेकावयाची बाजू काढता आली पाहिजे, म्हणजे खुर्चीवरून खाटेवर सरकता येते. आणि वर चांगली गादी हवीच. ती नसेल तर उत्तम खुर्चीही वाया. गादी असली तरी दर पंधरावीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलावे अगर पुढे वाकावे लागते, हे कोणी दुकानदार सांगत नाही.

खुर्च्या, तीनचाकी सायकली, कॅलिपर इत्यादी साधने बनविणारा केंद्र सरकारचा मोठा कारखाना कानपूरला आहे. १९७२ सालचा तो ‘ॲलिम्को’. त्याची एक शाखा आपल्या जबलपुरातच आहे. उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेतील कुटुंबांस ही साधने सरकारी योजनेतून विनामूल्य वा सवलतीत मिळतात. शिबिरात जाताना रुग्णाची मापे लिहून न्यावीत आणि खुर्ची मापाची नसेल तर ती हात जोडून परत करावी. फुकट मिळाले ते परत कसे करावे, हा संकोच आपल्याला भारी पडतो. खाजगी दुकानातून घ्यावयाची असेल तर ‘याचे टायर, बेअरिंग, ब्रेक उद्या कोठे मिळतील?’ असे आधी विचारावे. आपल्या गल्लीतील सायकलवाल्यास जी खुर्ची दुरुस्त करता येत नाही, ती कितीही चकचकीत असली तरी आपल्या धुळीच्या, खाचखळग्यांच्या रस्त्यांवर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याची खुर्ची शेवटी मापाची मिळाली. पायपट्टी तेवढी बाजारातल्या वेल्डरने दोन बोटे वर घेऊन दिली. उंबरठ्यावर वडिलांनी मुरमाचा उतार घातला. दहावीची परीक्षा त्याने एक वर्ष उशिराने दिली, आणि आता तो घराच्या ओसरीवर मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या खेड्यातील एक कुटुंब त्याला विचारीत आले. घरातला कर्ता माणूस छपरावरून पडला होता. गाडीत मागच्या बाकावर त्याला निजवून आणले होते. क्ष-किरण चित्रांची जाडजूड पिशवी त्यांनी पुढे केली. मुलाने ती बाजूस ठेवली, खुर्ची गाडीच्या दाराशी नेली आणि म्हणाला, ‘फोटो मग पाहू. आधी काकांना कुशीवर वळवा, मला त्यांची पाठ पाहू द्या.’