पेपर खरा का? आधी मामाचं गाव विचारा!

ताडकळसला सोयरीक जुळवायची म्हटली की चहाचा कप अर्धा होईस्तोवर पाहुण्यांचा सातबारा निघतो. गाव कोणतं, मामाचं गाव कोणतं, तिकडं आपल्या ओळखीचं कोण? पण मोबाइलवर ‘संशोधनानं सिद्ध झालंय’ असं आलं, की हीच मंडळी एक अक्षर न विचारता ते दहा ग्रुपांवर ढकलतात. आता तर शोधयंत्रं पापणी लवते न लवते तोच संशोधनाच्या पेपरांचा ढीग समोर ओततात. त्यातलं स्थळ खानदानी कोणतं आणि बनावट कोणतं, ते मात्र आपणच हुडकायचं. त्याआधी हे किस्से वाचा.

भेंडी गेली अमेरिकेला

‘परभणी क्रांती’ ही भेंडी आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची. हळद्या रोग पडला की भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या होतात आणि पीक हातचं जातं. त्यावर तोड म्हणून ‘पुसा सावनी’ या वाणाचा संकर भेंडीच्याच भावकीतल्या दुसऱ्या एका जातीशी केला गेला. गूगल स्कॉलर या पेपर हुडकणाऱ्या शोधयंत्रावर या वाणाचं नाव इंग्रजीत टाका, मूळ पेपरचा पत्ता हाती लागतो: जांभळे आणि नेरकर, ‘हॉर्टसायन्स’, 1986, खंड 21, पान 1470-1471. अमेरिकेच्या नियतकालिकात परभणीची जेमतेम दोन पानं! मागं गेलात तर याच दोघांचा 1981 चा पेपर, रोगाशी झुंजण्याचा गुण पुढच्या पिढीत कसा उतरतो त्यावरचा. आणि नावाखालच्या ‘साइटेड बाय’वर बोट ठेवलंत, की पुढं कोणाकोणाला हा पेपर उपयोगी पडला ते दिसतं. आजा, बाप, नातवंडं, अख्खी वंशावळ.

पेपरचा आधार नंबर

बहुतेक नव्या पेपरांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो. तो 10 या आकड्यानंच सुरू होतो. डीओआयच्या साइटवर टाकला की पेपर ज्याच्या घरी आहे तिथं नेऊन सोडतो. एआयला संदर्भ मागितले तर कधी कधी तो क्रमांकही मनानंच रचतो. आणखी गंमत म्हणजे क्रमांक खरा निघतो, पण दार उघडल्यावर आत भलतंच बिऱ्हाड! म्हणून क्रमांक चालला एवढ्यावर थांबू नका, आतलं नावही वाचा. पीएचडीचे प्रबंध हवेत तर ‘शोधगंगा’, शेतीचे हवेत तर ‘कृषिकोश’.

कोण हे आंतकरे?

आडनाव ऐकून वाटेल, असतील इकडंच कुठं पूर्णेकडचे. पण आइक आंतकरे हा माणूस जन्मालाच आलेला नाही. 2010 मध्ये सिरिल लाबे या फ्रान्समधल्या संशोधकानं संगणकाकडून शंभरेक निरर्थक पेपर लिहून घेतले, ते एकमेकांचे दाखले देतील अशी तजवीज केली आणि गूगल स्कॉलरच्या वाटेवर ठेवून दिले. बघता बघता आंतकरेंचा एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि दाखल्यांवरून मिळणारा गुण, 94 झाला. गुणांच्या यादीत आइनस्टाइन मागं!

मांजर झालं विद्वान

2024 मध्ये अमेरिकेत हाच खेळ लॅरी नावाच्या मांजरावर झाला. त्याच्या नावावर 12 बोगस पेपर आणि 144 दाखले जमा झाले. दाखले मोजणारं यंत्र मोजतं चोख. कुणाचे मोजतंय, एवढंच त्याला कळत नाही.

नमुन्याचा अर्ज, खरा समजून

एका मोठ्या प्रकाशनसंस्थेनं लेखकांना संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक लुटुपुटीचा संदर्भ छापला: वॅन डर गीर आणि मंडळी, विषय ‘शास्त्रीय लेख लिहिण्याची कला’. असा पेपर नव्हताच. तरी जवळपास 400 पेपरांत तो संदर्भ म्हणून सापडला! बँकेच्या फॉर्मवरचं नमुन्याचं नाव तसंच ठेवून सही ठोकावी, त्यातला प्रकार.

विज्ञानातला ‘ध’ चा ‘मा’

‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ असं तंत्र जगात नाही, पण पेपरांत आहे. 1950 च्या दशकातलं एक पान स्कॅन करताना यंत्रानं शेजारशेजारचे दोन रकाने एका ओळीत वाचले. डावीकडचा एक शब्द, उजवीकडचे दोन, झालं नवं तंत्र! खरं तंत्र आहे ‘स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’, आणि भरीस भर म्हणजे फारसीत ‘स्कॅनिंग’ आणि ‘व्हेजिटेटिव्ह’ या अर्थाच्या शब्दांत फरक एका नुक्त्याचा. आनंदीबाईंना एक अख्खं अक्षर लागलं म्हणतात, इथं टिंबावर भागलं. पुढं एआयही हेच तंत्र पढवलेल्या पोपटासारखं बोलू लागला.

छातीवरचं संकट

चोरी पकडली जाऊ नये म्हणून काही बहाद्दर दुसऱ्याच्या पेपरातले शब्द यंत्राकरवी बदलून घेतात. मग ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं होतं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट शुद्ध. आणि स्तनाच्या कॅन्सरचं छातीवरचं संकट. 2021 मध्ये अशा पिळवटलेल्या शब्दांची यादी करून पेपर चाळणारं यंत्र तयार झालं. चोरासाठी यंत्र, पोलिसासाठीही यंत्र. या पोलिसांत एक ओळखीचं नाव आहे: आंतकरेंचे जन्मदाते लाबे.

मोडलेली सोयरीक

छापून आलेला पेपरही मागं घेतला जातो. 2023 या एका वर्षात जगभरात 10 हजारांहून जास्त पेपर मागं घेतले गेले. ‘रिट्रॅक्शन वॉच’ची अशा पेपरांची यादी सगळ्यांना फुकट बघता येते. ठरलेलं लग्न मोडलंय का, हे पत्रिका छापण्याआधी विचारलेलं बरं.

कोर्टानंही विचारलं मामाचं गाव

ऑक्टोबर 2025. मुंबई उच्च न्यायालयापुढं प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश आला. त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे शोधले, तर एकही अस्तित्वात नाही. आदेश रद्द झाला. एआयनं दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका, ही समज वेगळी.

तर मग तपासायचं काय?

पाचच प्रश्न: लेखक खरे आहेत का, नियतकालिकाच्या त्या खंडात त्या पानावर हाच लेख आहे का, डीओआय तिथंच नेतो का, पेपर मागं तर घेतलेला नाही ना, आणि जे सांगितलं जातंय ते पेपरात खरोखर लिहिलंय का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा, आणि त्यासाठी पेपर वाचावाच लागतो.

हे आपल्याला नवं नाही. सोयाबीनच्या रोजच्या भावयादीत ताडकळसचं नाव असतं. तरी टेम्पो भरण्याआधी माणूस पूर्णा, परभणी, नांदेड अशा तीन ठिकाणी फोन लावतोच. क्विंटलमागं पन्नास रुपयांसाठी तीन फोन करणाऱ्यानं ‘संशोधनानं सिद्ध’साठी निदान एक तरी करावा.