परसातील कोंबडी पेटी सोडून अंडी का घालते?

परसातील कोंबडीपालनात अंडी कमी झाल्याची तक्रार नेहमीची आहे. पण पुष्कळदा अंडी कमी झालेली नसतात, ती सापडत नसतात. गवताच्या गंजीखाली, सरपणाच्या ढिगामागे किंवा कुंपणाच्या झुडपात कोंबडी आपली जागा शोधते. पंधरवड्याने तेथे दहा-बारा अंडी हाती लागतात, आणि त्यांतील कोणते ताजे व कोणते नासलेले हे वरून कळत नाही. मुंगूस, साप व कावळे यांना मात्र ती जागा आधीच ठाऊक झालेली असते. रोज दोन अंडी अशी गेली, तरी आठवड्याला चौदा अंडी जातात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्ष्यांपैकी ३१ कोटींहून अधिक पक्षी परसातील आहेत. बहुतेक घरांत त्यांची निगा स्त्रिया राखतात व अंड्यांचा पैसाही त्यांच्याच हाती येतो. म्हणून पेटीचा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

पाळीव कोंबडीची पूर्वज असलेली तांबडी रानकोंबडी झुडपाच्या आडोशाला, जमिनीतील उथळ खळग्यात अंडी घालते. ती ओढ पाळीव कोंबडीत टिकून आहे. अंडे घालण्यापूर्वी साधारण एक-दोन तास कोंबडी अस्वस्थ होते, फेऱ्या मारते, कोपऱ्याकोपऱ्यांत डोकावते. एडिनबर्ग येथील वुड-गश व गिल्बर्ट या संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले, की अंडाशयातील ज्या पिशवीतून आदल्या दिवशी बलक सुटलेला असतो, त्या रिकाम्या पिशवीकडूनच या धडपडीची सूचना मिळते. ती पिशवी काढून टाकली, तर कोंबडी घरटे शोधतच नाही. म्हणजे घरटे केव्हा शोधायचे हे शरीर ठरवते. कोठे बसायचे हे मात्र कोंबडी पाहून ठरवते. अंधार, आडोसा आणि पायांनी उकरून खळगा करता येईल असे अंथरूण या तीन गोष्टी तिला हव्या असतात.

देशी कोंबडीसाठी ३० सेंटीमीटर लांब, तेवढीच रुंद व थोडी अधिक उंच पेटी पुरते. वनराजासारख्या अंगाने मोठ्या पक्ष्यासाठी प्रत्येक माप ३५ सेंटीमीटर धरावे. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरेशी असते. अधिक पेट्या ठेवल्या, तरी एक बसलेली पाहून दुसरी तेथेच रांग लावते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दर्शनी बाजूस सुमारे १० सेंटीमीटरची पट्टी असावी, म्हणजे अंथरूण व अंडी बाहेर येत नाहीत. भाताचे तूस, कोरडे गवत वा लाकडाचा भुसा यांपैकी जे सहज मिळेल ते वापरावे. तेलाचा पत्र्याचा डबा कापून पेटी करण्याची रीत स्वस्त असली, तरी तो डबा मोठ्या पक्ष्याला अपुरा पडतो आणि उन्हात तापतो. चैत्र-वैशाखात कोंबडी त्यात शिरणार नाही. अंधाराचा आणखी एक उपयोग आहे. अंडे बाहेर पडताना गुदद्वाराचा लालसर, ओलसर भाग क्षणभर बाहेर येतो व उजेडात इतर कोंबड्या त्यावर चोच मारतात. अंधाऱ्या पेटीत हा धोका कमी होतो.

रात्री बसण्याची दांडी पेटीपेक्षा उंच असावी. कोंबडी सर्वांत उंच जागी झोपते; ती जागा पेटीच असेल, तर सकाळपर्यंत पेटी विष्ठेने भरते.

तलंगा पाचव्या-सहाव्या महिन्यात अंड्यावर येतात. पेट्या त्यापूर्वी दोन-तीन आठवडे मांडाव्यात व प्रत्येकीत अंड्याच्या आकाराची गारगोटी किंवा प्लॅस्टिकचे अंडे ठेवावे. पहिल्या दिवसांत खुराडे सकाळी दहापर्यंत बंद ठेवल्यास बहुतेक अंडी आतच पडतात. बहुतेक म्हणण्याचे कारण असे, की एक अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागत असल्याने कोंबडी रोज थोडी उशिरा अंडे घालते आणि मग एक दिवस खाडा करते. खाड्यापूर्वीचे अंडे दुपारी पडू शकते. तेव्हा दुपारच्या अंड्यासाठी पेटीची वाट मोकळी असली पाहिजे. जमिनीवर पडलेले अंडे लगेच उचलावे. ते तेथे राहिले, तर दुसरीला तीच जागा घरट्यासारखी वाटू लागते.

एवढे केले, की नव्या तलंगांचा प्रश्न सहसा सुटतो. कठीण असते ते दुसरेच प्रकरण: चार महिने पेटीत नेमाने अंडी घालणारी कोंबडी अचानक पेटी सोडते. घरची मंडळी तिला हट्टी ठरवतात. वस्तुतः अशा वेळी कोंबडीपेक्षा पेटी तपासली पाहिजे, आणि तीही रात्री.

पेटीतील रात्रीचे भाडेकरू

कोंबडीचा लाल कोळी, शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी, हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात व तो गोचिडाचा नातलग आहे. भेंडी-वांग्यावरील लाल कोळ्याशी नावापुरतेच साम्य आहे. त्याची लांबी एक मिलिमीटरपेक्षा क्वचितच अधिक असते. उपाशी असताना तो करडा दिसतो, रक्त प्यायल्यावर लाल. दिवसा तो लाकडाच्या सांध्यांत, बांबूच्या विणीत, दांडीच्या टोकांशी व अंथरुणाखाली दडून राहतो. रात्री पक्ष्यावर चढतो, रक्त पितो व पुन्हा फटीत परततो. पेटीच्या अंधारात बसलेल्या कोंबडीला तो दिवसाही सोडत नाही. उष्ण व दमट हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास त्याला जेमतेम आठवडा लागतो. उलट, रक्ताविना तो कित्येक महिने जगू शकतो. त्यामुळे रिकामे ठेवलेले खुराडे आपोआप स्वच्छ होत नाही.

दिवसा कोंबडीच्या अंगावर पाहून काही आढळले नाही, म्हणून कोळी नाहीत असा निष्कर्ष काढण्याची चूक क्षेत्रावर फार होते. त्याऐवजी अंधार पडल्यावर विजेरी घेऊन दांडीची खालची बाजू व पेटीचे सांधे पाहावेत. फटीवर पांढरा कागद दाबून घासल्यास चिरडलेल्या कोळ्यांचे लाल डाग उमटतात. अंड्याच्या कवचावरील बारीक रक्ताचे ठिपके हीही खूण होय. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा हातभर तुकडा घडी करून दांडीखाली दोन दिवस बांधावा व नंतर तो पारदर्शक पिशवीत झटकावा. कोळी असल्यास पुठ्ठ्याच्या नळ्यांतून बाहेर पडताना दिसतात. कोंबडीचा फिकट तुरा व रात्रीची अस्वस्थता यांनी संशय बळावतो.

फटींत चपटा, कातडी पोताचा व कोळ्यापेक्षा कितीतरी मोठा जीव आढळला, तर तो कोंबडीचा गोचीड, आर्गस पर्सिकस. तोही रात्रीच चावतो, शिवाय स्पायरोकीटोसिस हा ताप पसरवतो. उवा मात्र सारे आयुष्य पक्ष्याच्या अंगावर काढतात. गुदद्वाराजवळील पिसांच्या मुळाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके दिसतात. उवांसाठी पक्ष्यावर उपाय करावा लागतो, कोळी व गोचिडासाठी जागेवर. हा भेद न कळल्याने उपाय वाया जातो.

पेटी बाहेर काढून सर्व अंथरूण जाळावे, सांध्यांत उकळते पाणी ओतावे, पेटी कडक उन्हात वाळवावी व फटी बुजवून चुन्याचा हात द्यावा. दांड्यांनाही तेच करावे. कोळ्याची अंडी व फटीत खोलवर राहिलेले जीव एका धुण्याने संपत नाहीत. म्हणून सातव्या दिवशी सारे पुन्हा करावे. कोंबड्यांना कोरडी माती व राख यांत लोळण्यास जागा द्यावी. पेटीत कडुनिंबाचा वा निर्गुडीचा पाला घालण्याची रीत चांगली आहे, परंतु फटीतील कोळी त्याने मरतील या भरवशावर राहू नये. पाल्याच्या निमित्ताने अंथरूण वरचेवर बदलले जाते, हाच तिचा मोठा लाभ.

पिकांवरील कीटकनाशक पंपात उरले म्हणून खुराड्यात फवारणे हे मात्र कटाक्षाने टाळावे. २०१७ मध्ये नेदरलँड्स व बेल्जियममध्ये लाल कोळ्यावरील औषधात फिप्रोनील मिसळल्याचे उघड झाले. अंड्यांत त्याचा अंश सापडला व लक्षावधी अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. तेच फिप्रोनील आपल्याकडे भात व उसावर वापरले जाते, आणि घराघरांत त्याची बाटली असते. प्रादुर्भाव मोठा असेल, तर औषध पशुवैद्यकाने सांगितलेलेच वापरावे आणि अंडी किती दिवस खाऊ वा विकू नयेत हे त्यालाच विचारावे.

खुडूक कोंबडीची गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. देशी कोंबडी खुडूक झाली, की पेटी अडवून बसते व इतरांना बाहेर जागा शोधावी लागते. रवण बसवायची असल्यास तिला निराळे टोपले द्यावे. २१ दिवस एकाच जागी बसलेला उबदार पक्षी म्हणजे कोळ्यांना अखंड पंगत. त्यांची संख्या वाढल्यास कोंबडी अंडी अर्धवट सोडून उठते, आणि पिले निघालीच तर पहिल्या दिवसापासून त्यांचे रक्त शोषले जाते. यासाठी रवण बसवण्यापूर्वी टोपले उकळत्या पाण्यातून काढावे. पिले निघाल्यावर त्याच दिवशी अंथरूण जाळावे.

पेटी स्वच्छ झाली, तरी कोंबडी लगेच परत येत नाही. बाहेरची जागा शोधून तेथील अंडी काढावीत, ती जागा काट्यांनी बंद करावी, पेटीत पुन्हा गारगोटी ठेवावी आणि आठ-दहा दिवस खुराडे सकाळी दहानंतरच उघडावे.