फुकटचा कोड, विकतचा आधार

ओपन सोर्स म्हणजे फुकटचे, आणि फुकटचे ते धंद्याच्या कामाचे नाही, हा समज लहान-मोठ्या उद्योजकांमध्ये घट्ट बसला आहे. वस्तुस्थिती अशी की ओपन सोर्स परवाना कोड पाहण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देतो. त्यावर पैसे कमवायला तो मनाई करत नाही. रेड हॅटने लिनक्सचे सबस्क्रिप्शन विकूनच व्यवसाय उभा केला आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळण्याचे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य वापरता येते. सर्व्हर सांभाळून हवा असेल तर त्याचे पैसे पडतात.

कोड आणि सपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचे गैरसमज सुरू होतात.

सुरक्षिततेचेच घ्या. कोड उघडा असल्यामुळे हल्लेखोरांचे फावते, असे एक बाजू म्हणते. तो इतके जण पाहतात की चूक राहूच शकत नाही, असे दुसरी. असंख्य संकेतस्थळे ज्याच्यावर विसंबून होती त्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स सुरक्षा सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी २०१२ पासून दोन वर्षे लपून राहिली. मोजकी माणसे तुटपुंज्या निधीवर तो प्रकल्प चालवत होती. वेब अ‍ॅप बांधण्यासाठीच्या अपाचे स्ट्रट्स या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची गोष्ट उलटी. त्यातल्या त्रुटीवरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आली होती. अमेरिकेतल्या एक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने ती वेळेत बसवली नाही आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पण विकतचे उत्पादनही कवच ठरत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि जगभर विमानोड्डाणे रद्द झाली.

पैसे मोजले की जबाबदारी कंपनीची, हेही अर्धेच खरे. बहुतेक व्यापारी परवाने नुकसानभरपाईला कमाल मर्यादा घालतात. ती ओळ सही करण्याआधी वाचायची असते.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे मोठ्या कंपनीचे उत्पादन कायम आहे तसेच मिळत राहील, हा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही सर्व्हर सॉफ्टवेअरची कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. ग्राहकांपुढे फक्त सबस्क्रिप्शन उरले. ओपन सोर्सवाल्यांनाही असा धक्का बसला आहे. सेंटओएस ८ या विनामूल्य लिनक्स आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ अखेरवर आणली गेली. फरक त्यानंतर दिसला. कोड खुला असल्याने रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभे राहिले आणि अनेकांनी आपले सर्व्हर तिकडे नेले. बंद कोडच्या ग्राहकाला ही वाट नसते.

म्हणून सरसकट एकच उत्तर देणे चुकीचे. ज्या दुकानात संगणकाचा जाणकार नाही आणि जीएसटीचे नियम बदलले की हिशेबाचे सॉफ्टवेअर लगेच बदलायला हवे, तिथे सपोर्टसह विकतचे पॅकेज घेणेच शहाणपणाचे. डेटाबेस आणि सर्व्हरसाठी मात्र पोस्टग्रेएसक्यूएल, लिनक्स या ओपन सोर्स पर्यायांचा विचार आधी व्हावा. पोस्टग्रेएसक्यूएलच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि हवा असल्यास पैसे देऊन सपोर्टही घेता येतो.

करार कोणताही असो, विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: बिघाड झाल्यास किती तासांत कोण हजर होईल, आणि उद्या सोडून जायचे ठरवले तर आपला सगळा डेटा कोणत्या स्वरूपात हाती मिळेल.